आवाजाच्या पुढे धावलेली मोटार

उदगीरहून लातूरला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही पुष्कळदा बसला असाल. अंतर सुमारे ६५ किलोमीटर. वाटेतले थांबे, वळणे आणि खड्डे धरून दीड-दोन तास सहज जातात. आता अशी कल्पना करा की, हा रस्ता अगदी सरळ, सपाट आणि रिकामा आहे. त्यावरून भर वेगात एक मोटार उदगीरच्या वेशीवरून सुटली आणि तीन मिनिटे अकरा सेकंदांत लातूरला पोचली!

ही थाप वाटेल; पण इतक्या वेगाने धावलेली मोटार खरोखरच आहे. तिचे नाव 'थ्रस्ट एसएससी'. थ्रस्ट म्हणजे रेटा, आणि एसएससी ही 'ध्वनीहून वेगवान मोटार' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. ब्रिटनमधील एका लहानशा गटाने ती बांधली. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात ती ताशी १२२७.९८५ किलोमीटर या वेगाने धावली. जमिनीवरच्या वाहनाने ध्वनीचा वेग ओलांडून उच्चांक नोंदवला तो प्रथमच. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी तो उच्चांक मोडलेला नाही.

एवढा वेग मिळवण्यासाठी फार जोरदार एंजिन लागले असेल, असे तुम्ही म्हणाल. एंजिन लागलेच, पण खरा प्रश्न तो नव्हता. साडेदहा टनांची ही मोटार त्या वेगात जमिनीवर राहील की हवेत उडेल, हा खरा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर मोटार धावण्यापूर्वीच मिळवणे भाग होते. कारण आत एक माणूस बसणार होता. हे उत्तर कसे मिळवले, तेच या लेखात आपण पाहू या.

आवाजाचा वेग म्हणजे काय?

दूरच्या रानात कोणी कुऱ्हाडीने लाकूड फोडत असेल, तर घाव बसलेला आधी दिसतो आणि 'खट्' असा आवाज मागून येतो, हे तुम्ही पाहिले असेल. प्रकाश जवळजवळ तत्काळ पोचतो. आवाजाला मात्र वेळ लागतो. कारण आवाज म्हणजे हवेतून जाणारा दाबाचा तरंग. हवेचा एक कण शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला ढकलतो, आणि निरोप पुढे पुढे जातो.

हा निरोप किती वेगाने जाईल ते मुख्यतः हवेच्या तापमानावर अवलंबून असते. हवा तापलेली असली की तिचे रेणू अधिक चपळ असतात आणि निरोप लवकर पोचवतात. यासाठी एक सोपे सूत्र आहे: शून्य अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो, आणि दर अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो.

मे महिन्यातल्या दुपारी उदगीरला ४० अंश तापमान आहे असे धरा. ध्वनीचा वेग होईल ३३१ + २४ = ३५५ मीटर, म्हणजे ताशी १२७८ किलोमीटर. थंडीतल्या पहाटे तापमान १० अंश असेल, तर तो होईल ३३७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२१३ किलोमीटर.

आता एक गंमत पाहा. ताशी १२२८ किलोमीटर धावणारी ही मोटार थंडीतल्या पहाटे ध्वनीच्या पुढे जाईल. पण मे महिन्यातल्या दुपारी तीच मोटार, तोच वेग असूनही, ध्वनीच्या मागे पडेल! म्हणून अशा वाहनाचा वेग नुसता किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही. त्या वेळच्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट, हेही सांगावे लागते. या पटीला 'माख अंक' म्हणतात. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाचे नाव त्याला दिलेले आहे. ब्लॅक रॉकच्या त्या दिवशीच्या थंड हवेत मोटारीचा माख अंक सुमारे १.०२ होता.

हवा वाट का देत नाही?

ध्वनीच्या वेगाजवळ पोचल्यावर असे काय घडते? आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार भरला आहे आणि गर्दीतून तुम्हाला एक बैल घेऊन जायचे आहे. तुम्ही "सरका, सरका!" असे ओरडता. हाक पुढे जाते, लोक बाजूला होतात, वाट मिळते. पण तो बैल उधळला आणि तुमच्या हाकेपेक्षाही वेगाने धावू लागला तर? हाक पोचण्यापूर्वीच बैल पोचेल. कोणालाही सरकायला वेळ मिळणार नाही आणि माणसांवर माणसे दाटतील.

हवेचेही तसेच आहे. मोटार सावकाश धावत असते तेव्हा 'मी येत आहे' हा दाबाचा निरोप तिच्या पुढे ध्वनीच्या वेगाने जातो आणि हवा आधीच वाट देते. मोटारीने ध्वनीला गाठले की निरोप पुढे जाऊच शकत नाही. हवा समोर दाटते आणि दाबाची एक पातळ, कडक भिंतच तयार होते. तिला आघात-तरंग म्हणतात. हाच तरंग दूरच्या माणसाच्या कानावर आदळला की तोफेसारखा धमाका ऐकू येतो.

विमानांनी हा अडथळा पूर्वीच ओलांडला होता. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर या अमेरिकन वैमानिकाने तो पहिल्यांदा पार केला. पण विमानाखाली मोकळे आकाश असते. मोटारीखाली, काही सेंटिमीटरवर, जमीन असते. मोटारीच्या पोटाखाली निर्माण झालेला आघात-तरंग जमिनीवर आपटून परत मोटारीवरच येतो. तो तिला वर उचलील की खाली दाबील? १९९० च्या सुमारास याचे खात्रीचे उत्तर कोणाजवळही नव्हते.

हा धोका किती मोठा होता याचा हिशेब तुम्हीही करू शकता. वाहत्या हवेचा दाब ½ × घनता × वेग × वेग या सूत्राने काढतात. वाळवंटातल्या हवेची घनता दर घनमीटरला १.१ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला ३४१ मीटर धरला, तर दाब येतो सुमारे ६४,००० पास्कल. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे साडेसहा टन! मोटारीचे वजन साडेदहा टन. तिचे नाक किंचित वर उचलले गेले आणि हा दाब दोनच चौरस मीटर जागेवर खालून पूर्णपणे लागला, तर तेरा टनांचे बल वर उचलील. मग ती मोटार राहणार नाही. विमान होईल, आणि तेही पंख नसलेले.

बैटरीपासून जेटपर्यंत

वेगाच्या या स्पर्धेचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. पहिला अधिकृत उच्चांक १८९८ साली फ्रान्समध्ये झाला, ताशी ६३.१५ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली गेली. या दोन्ही मोटारी बैटरीवर चालणाऱ्या होत्या, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. त्यानंतर पेट्रोलच्या एंजिनांचे राज्य आले. १९३५ साली माल्कम कॅम्बेल या ब्रिटिश मोटारपटूने ताशी ४८४.६२ किलोमीटरचा वेग गाठला. १९६४ साली त्याचाच मुलगा डोनाल्ड याने ऑस्ट्रेलियात ताशी ६४८.७३ किलोमीटरपर्यंत मजल मारली.

येथे एक अडचण आड आली. साध्या मोटारीत एंजिन चाके फिरवते आणि चाके जमिनीला मागे रेटतात. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेला ट्रॅक्टर आठवा. एंजिन जोरात चालते, चाके गरागरा फिरतात, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. चाकाला जमिनीची पकड असते तेवढाच रेटा मिळतो. पुढे एंजिन कितीही मोठे केले तरी उपयोग मर्यादित. उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट!

यावर उपाय म्हणजे जमिनीला न रेटता वायूंनाच मागे फेकणे. फुगवलेल्या फुग्याचे तोंड सोडले की हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. जेट एंजिन आणि अग्निबाण याच तत्त्वावर चालतात. १९७० साली अग्निबाणाच्या जोरावर धावणाऱ्या 'ब्लू फ्लेम' या अमेरिकन मोटारीने ताशी हजार किलोमीटरची मर्यादा ओलांडली. ४ ऑक्टोबर १९८३ रोजी रिचर्ड नोबल या ब्रिटिश माणसाने 'थ्रस्ट-२' ही जेट मोटार ताशी १०१९.४७ किलोमीटर वेगाने चालवून उच्चांक आपल्या देशाकडे नेला. आता पुढचा टप्पा एकच उरला होता: ध्वनीचा वेग.

दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर

नोबल यांनी आपली योजना रॉन एअर्स या निवृत्त तंत्रज्ञांपुढे मांडली. एअर्स यांनी क्षेपणास्त्रांच्या आकाराचे शास्त्र आयुष्यभर हाताळले होते. सुरुवातीला त्यांचे मत प्रतिकूलच होते. ध्वनीच्या वेगाजवळ मोटार जमिनीवर टिकेल, याची खात्री देता येत नव्हती. पण खात्री देता येत नसेल तर ती मिळवता येते का, हे त्यांनी शोधायचे ठरवले.

नवे विमान बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती वायुबोगद्यात टांगतात आणि तिच्यावरून वारा सोडतात. येथे ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. मोटार धावते तेव्हा जमीन तिच्याखालून मागे जाते. वायुबोगद्यातली जमीन स्थिर असते. तिला ध्वनीच्या वेगाने सरकवायचे कसे? म्हणून एअर्स यांनी दोन स्वतंत्र मार्ग निवडले.

पहिला मार्ग संगणकाचा. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठातील संशोधकांनी मोटारीभोवतालच्या हवेचे असंख्य चिमुकले भाग कल्पिले. बागायतीला पाणी देताना तुम्ही रानाचे वाफे पाडता. प्रत्येक वाफ्यात शेजारून किती पाणी आले, पुढे किती गेले, हे कळले की सगळ्या रानात पाणी कसे फिरेल ते सांगता येते. तसेच हवेच्या प्रत्येक 'वाफ्या'त किती हवा आली, किती गेली, तिचा दाब आणि वेग काय झाला, याची समीकरणे महासंगणकाने सोडवली. त्यावरून मोटारीच्या प्रत्येक भागावर किती दाब पडेल ते निघाले.

पण हिशेब बरोबर आहे कशावरून? हवेच्या वागण्याबद्दल आपण जे गृहीत धरले, तेच चुकले असेल तर? म्हणून दुसरा मार्ग प्रयोगाचा. वेल्सच्याच पेंडाइन किनाऱ्यावर संरक्षण खात्याचा चाचणीचा लोहमार्ग आहे. त्यावरून अग्निबाणाच्या जोरावर एक घसरगाडी सोडतात. मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीची प्रतिकृती या घसरगाडीवर जमिनीलगत बसवली आणि ध्वनीहून अधिक वेगाने पळवली. तिच्यावर बसवलेल्या उपकरणांनी ठिकठिकाणचा दाब नोंदवला.

मग दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली. संगणकाचे आकडे आणि प्रयोगाचे आकडे चांगले जुळले! एकाला दुसऱ्याचा आधार नसताना दोन मार्ग एकाच ठिकाणी येऊन पोचले, तेव्हाच एअर्स यांना विश्वास वाटला. ते जुळले नसते, तर मोटार बांधण्यात अर्थ नव्हता. गणितात ताळा करून पाहा, असे शिक्षक तुम्हाला सांगतात ना? हा त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की, येथे ताळा चुकला असता तर गुण नव्हे, प्राण गेले असते.

हीच पद्धत आपल्या देशातही वापरली जाते. चंडीगड येथे संरक्षण संशोधन संस्थेचा असाच अग्निबाण-घसरगाडीचा मार्ग आहे. 'गगनयान'मधून परतणाऱ्या अंतराळवीरांच्या कुपीचा वेग कमी करणाऱ्या छत्र्यांच्या चाचण्या ऑगस्ट २०२३ मध्ये तेथेच झाल्या.

मोटारीची रचना

हिशेबातून मोटारीचा जो आकार निघाला तो चमत्कारिक होता. लांबी साडेसोळा मीटर, रुंदी ३.७ मीटर. दोन्ही बाजूंना पुढच्या भागात एकेक प्रचंड जेट एंजिन, मधोमध चालकाची जागा आणि मागे निमुळते होत गेलेले शेपूट. बाण पाहा. त्याचे पाते पुढे जड असते आणि पिसे मागे असतात, म्हणून तो सरळ जातो. या मोटारीतही वजन पुढे आणि शेपटाचे पंख मागे.

एंजिने रोल्स-रॉइस कंपनीची 'स्पे' जातीची, फॅन्टम लढाऊ विमानांत वापरली जाणारी. दोन्ही मिळून रेटा सुमारे २,२३,००० न्यूटन. याला मोटारीच्या वस्तुमानाने, म्हणजे १०,५०० किलोग्रॅमने भागा. त्वरण येते दर सेकंदाला सुमारे २१ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या दुपटीहून अधिक! प्रत्यक्षात ताशी हजार किलोमीटरचा वेग गाठायला तिला सुमारे १६ सेकंद लागत. यावरून सरासरी त्वरण काढा. ते १७ च्या थोडे पुढे येईल. मधला फरक कोठे गेला? हवेच्या विरोधाशी झुंजण्यात.

चाकांची कथा तर आणखी विलक्षण. समजा, चाकाचा व्यास ८५ सेंटिमीटर आहे. त्याचा परीघ होतो २.६७ मीटर. सेकंदाला ३४१ मीटर जायचे तर चाकाला सेकंदाला सुमारे १२८ फेरे घ्यावे लागतील. अशा चाकाच्या कडेवरचे केंद्रगामी त्वरण (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या) गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ २८,००० पट येते. म्हणजे कडेवरच्या एक ग्रॅम पदार्थाला धरून ठेवायला २८ किलोग्रॅम वजनाएवढे बल हवे! रबराचा टायर क्षणात चिंध्या होऊन उडून जाईल. म्हणून या मोटारीला टायर नव्हतेच. चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, भरीव होती.

पुढच्या बाजूची जागा एंजिनांनी अडवल्यामुळे पुढची चाके वळवायला वाव नव्हता. म्हणून ग्लिन बाउशर या अभियंत्याने मागची चाके वळवण्याची योजना केली. सोयाबीन काढायला येणारा मोठा हार्वेस्टर तुम्ही पाहिला असेल. तोही मागच्या चाकांनीच वळतो. पण तो बैलाच्या चालीने चालतो. ही मोटार ध्वनीच्या वेगाने धावणार होती. म्हणून बाउशर यांनी आधी 'मिनी' या छोट्या मोटारीला तशी मागची चाके जोडून ती चालवून पाहिली. युक्ती साधते असे दिसल्यावरच ती खऱ्या मोटारीत घेतली.

मैदान कसे हवे?

एवढी मोटार धावायची कोठे? वेग घ्यायला, मोजायला आणि थांबायला मिळून वीस किलोमीटरच्या आसपास सरळ पट्टा हवा. त्यात दगड नको, चढउतार नको. आपली काळी माती पावसात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर हे शक्य नाही. ब्लॅक रॉक वाळवंट म्हणजे हिमयुगातल्या लाहोन्टन नावाच्या विशाल सरोवराचा तळ. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी पसरते, गाळ सारखा होतो आणि उन्हाळ्यात वाळून कठीण, टेबलासारखी सपाट भूमी तयार होते. निसर्ग दरवर्षी स्वतःच मैदान सारवून देतो म्हणा ना!

पहिल्या चाचण्या जॉर्डन देशातील अल-जफर वाळवंटात १९९६ च्या अखेरीस आणि १९९७ मध्ये झाल्या. चालक होते अँडी ग्रीन. हे ब्रिटिश वायुदलातील लढाऊ वैमानिक, आणि ऑक्सफर्डचे गणिताचे पदवीधर. वेग एकदम वाढवला जात नसे. प्रत्येक धावेत ठरलेल्या वेगापर्यंतच जायचे, प्रत्येक चाकावर किती भार पडला ते उपकरणांवरून वाचायचे, हिशेबाशी ताडून पाहायचे. जुळले तर पुढची पायरी. नाक किंचित वर-खाली करण्याची सोयही मोटारीत होती, तीही या आकड्यांवरूनच वापरली जाई.

तो दिवस

उच्चांकाचे नियम कडक असतात. एक मैल किंवा एक किलोमीटर अंतर दोन्ही दिशांनी पार करायचे, आणि दोन्ही धावा एका तासाच्या आत संपवायच्या. दोहोंची सरासरी हा उच्चांक. असे का? वारा पाठीमागून असला किंवा जमिनीला किंचित उतार असला तर एका बाजूने फायदा होतो. उलट येताना तेवढाच तोटा होतो. दोन्ही धावा धरल्या म्हणजे लबाडीला जागा उरत नाही.

२५ सप्टेंबर १९९७ रोजी मोटारीने ताशी ११४९.३० किलोमीटरचा नवा उच्चांक केला. पण ध्वनीचा वेग अजून पुढेच होता. १३ ऑक्टोबरला दोन्ही धावा ध्वनीहून वेगवान झाल्या. मात्र दुसरी धाव संपायला तासाच्या वर सुमारे एक मिनिट लागले! उच्चांक हुकला. नियम तो नियम.

दोन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, सगळे जुळून आले. मैलाचे अंतर मोटारीने सरासरी ४.७२ सेकंदांत कापले. त्यातही ग्रीन स्वस्थ बसले नव्हते. मोटार बाजूला ओढली जात होती आणि ते चाक फिरवून तिला सतत रेषेवर आणत होते. जवळच्या गेर्लाक गावात आघात-तरंगाचा धमाका ऐकू आला. येगरच्या उड्डाणाला त्या वेळी पन्नास वर्षे आणि एक दिवस झाला होता.

मोटार जमिनीवर राहिली. हिशेब खरा ठरला. तरीही निसर्गाने एक नवी गोष्ट दाखवलीच. आघात-तरंगाच्या माऱ्याने मोटारीखालची कठीण जमीन फुटून भुकटी झाली होती, आणि त्या धुळीतून जाताना विरोध वाढला होता. हिशेबात जमीन घट्ट आणि अचल धरली होती. उत्तम सिद्धांतसुद्धा प्रयोगाकडून काहीतरी शिकतोच, तो असा.

पुढे काय झाले?

२००८ साली याच मंडळींनी 'ब्लडहाउंड' ही नवी मोटार जाहीर केली. लक्ष्य होते ताशी १००० मैल, म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर. शाळकरी मुलांना विज्ञान आणि अभियांत्रिकीची गोडी लागावी हाही त्यामागचा एक हेतू होता. दक्षिण आफ्रिकेतल्या हाकस्कीन पॅन या कोरड्या सरोवरावर स्थानिक लोकांनी हातांनी हजारो टन दगड वेचून धावपट्टी तयार केली. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी ही मोटार ताशी १०१० किलोमीटरपर्यंत पोचली. पण पैशांअभावी काम अडले आणि उच्चांकाचा प्रयत्न झालाच नाही. 'थ्रस्ट एसएससी' आज ब्रिटनमधील कोव्हेंट्रीच्या वाहन-संग्रहालयात उभी आहे.

अशा मोटारीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. तिच्यातून कोणी लातूरला जाणार नाही, हे खरे. पण आधी हिशेब, मग लहान प्रतिकृतीवर प्रयोग, मग दोहोंचा ताळा, आणि त्यानंतरच एकेक पायरी वेग, ही रीत पूल बांधणाऱ्याला, नवे औषध तपासणाऱ्याला आणि अंतराळवीर पाठवणाऱ्यालाही तितकीच लागू आहे. धाडस केले ते ग्रीन यांनी. पण ते आंधळे धाडस नव्हते.

करून पाहा

ध्वनीचा वेग तुम्हालाही मोजता येईल. गावाबाहेर रहदारी नसलेला, सरळ आणि किमान ५०० मीटर लांबीचा मोकळा पट्टा निवडा. अंतर टेपने मोजा. एका टोकाला मित्राने पत्र्याचा डबा दांड्याने वाजवावा. दांडा उंच उगारून मारावा, म्हणजे दुरून दिसेल. दुसऱ्या टोकाला तुम्ही घड्याळ घेऊन उभे राहा. घाव दिसताच घड्याळ सुरू करा, आवाज येताच थांबवा. दहा वेळा मोजून सरासरी काढा. नंतर दोघांनी जागा बदलून पुन्हा दहा वेळा मोजा, म्हणजे वाऱ्याचा परिणाम निघून जाईल. उच्चांकाच्या दोन धावांचे तत्त्व ते हेच! तापमान लिहून ठेवा आणि उत्तर सूत्राशी ताडून पाहा.

शिक्षकांना सूचना: हाच प्रयोग जानेवारीतल्या सकाळी आणि एप्रिलमधल्या दुपारी करवून घ्यावा. फरक थोडा येतो. तो घड्याळ दाबण्यातल्या चुकीपेक्षा मोठा आहे की लहान, याची वर्गात चर्चा करावी.

डोके चालवा

१. उदगीरच्या किल्ल्यावर तोफ उडाली आणि त्याच क्षणी ताशी १२२८ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार किल्ल्यापाशी होती. आवाज ६५ किलोमीटर जाऊ शकतो असे क्षणभर माना. मे महिन्यात (४० अंश) लातूरला आधी कोण पोचेल? थंडीत (१० अंश) कोण?

२. मोटारीचा वेग ताशी ४०० वरून १२०० किलोमीटर केला, तर वर्गाच्या नियमाने हवेचा विरोध किती पट होईल?

३. मोटारीला पाठीमागून वारा असेल, तर एकाच दिशेची धाव मोजण्यात कोणती चूक होईल?

उत्तरे: १. मे महिन्यात आवाज (सुमारे ३ मिनिटे ३ सेकंद) मोटारीच्या आठ सेकंद आधी पोचेल. थंडीत मोटार (३ मिनिटे ११ सेकंद) आवाजाच्या दोन सेकंद आधी. २. नऊ पट. ध्वनीच्या वेगाजवळ आघात-तरंगामुळे तो याहूनही वाढतो. ३. वाऱ्याने केलेली मदत मोटारीच्या नावावर जमा होईल आणि वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसेल.